कोंबडीची भिंत

जगातल्या कुठल्याही दोन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या आहेत, हे आजवर कुणालाही माझ्या बायकोच्या मामांना पटवून देता आलेलं नाही. प्रयत्न पुष्कळांनी केले. त्यात मीही आलो. मी धाराशिवला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. म्हणजे हा पदार्थ निराळा, तो पदार्थ निराळा, हे पोरांना सांगण्याचाच मला पगार मिळतो. पण तामलवाडीला मामांच्या ओसरीवर अर्धा तास बसलं, की मीठ आणि साखर यांत नेमका फरक काय, हे मला आठवावं लागतं. मामा उंच, किडकिडीत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि शर्टाच्या बाहीवर कुठल्या ना कुठल्या रंगाचा डाग. तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात चित्रकला शिकवली आणि त्या तीस वर्षांत एकाही वस्तूकडे सरळ पाहिलं नाही. एक डोळा मिटायचा, मान वाकडी करायची, दोन मिनिटं गप्प राहायचं आणि म्हणायचं, "हे म्हंजे तेच की हो." कोणतं 'हे' आणि कोणतं 'ते', हे समोरच्यानं शोधून काढायचं.

औषधाच्या दुकानात तापाच्या गोळ्या आणायला जातील आणि पाटीवरच्या काठीला विळखा घातलेल्या सापावरून दुकानदाराला नागपंचमी, शंकराचा गळा आणि पाठीचा कणा या मार्गानं परत गोळ्यांपर्यंत आणून सोडतील; तोवर मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा ताप आपोआप उतरलेला असतो. माझ्या लग्नात तर त्यांनी मला, म्हणजे प्रत्यक्ष नवरदेवाला, मंडपाच्या कोपऱ्यात ओढलं आणि पूजेचं ताट दाखवलं. काजळ काळं, भस्म पांढरं, हळद पिवळी, कुंकू लाल. काळं, पांढरं, पिवळं, लाल, ध्यानात येतंय का जावईबापू, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या दिवशी नवरदेव सगळ्यालाच हो म्हणत असतो. त्या चार रंगांचा उलगडा मला चार वर्षांनी झाला. लोखंडा-तांब्याचं सोनं करणाऱ्या किमयागारांच्या मते धातू आधी काळा पडतो, मग पांढरा होतो, मग पिवळा आणि शेवटी लाल; तो लाल झाला की काम फत्ते. म्हणजे लग्नात आम्ही दोघं सोनं होण्याच्या वाटेवर होतो. हे मी मोठ्या कौतुकानं बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्ही अजून काळ्यावरच अडकलाय.

किमयेचं हे वेड मामांना कधी लागलं, हे मामींनाही सांगता येत नाही. पारा म्हणजे महादेव आणि गंधक म्हणजे पार्वती, हे त्यांनी लहानपणी कुणा जंगमाच्या तोंडून ऐकलं आणि तेव्हापासून त्या दोघांचा संसार लावून देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं ते धरून चालले आहेत. घरामागं पत्र्याची एक खोली आहे. मामी तिला कारखाना म्हणतात. तिथं दगडी खल, मातीच्या मुशी, एक फुंकणी आणि शाळेनं टाकून दिलेल्या काचेच्या नळ्या असा ऐवज आहे. एकदा त्या खोलीत असं काही झालं, की शेजाऱ्याची म्हैस तीन दिवस पान्हवली नाही. मामी रागावल्या की कानडीत जातात. त्या दिवशी त्या कानडीत गेल्या आणि चौथ्या दिवशी दूध सुरू झाल्यावरच मराठीत परत आल्या. सोनं मात्र कधी झालं नाही. गंमत अशी, की मामांना सोन्याचं काही पडलेलंही नव्हतं. सोन्याला ते 'पावती' म्हणत. काम नीट झालं एवढं कळण्यापुरती त्याची गरज. मूलद्रव्यं अशी बदलत नसतात, असं मी एकदा जरा आवाज चढवूनच सांगितलं होतं. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, मग दुधाचं दही कसं होतं? दही हे मूलद्रव्य नव्हे, हे मी पाऊण तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, म्हंजे होतंय की. आणि मी ताक पिऊन परत आलो.

या सगळ्यात तेल ओतलं ते एका पुस्तकानं. सोलापूरच्या रद्दीच्या दुकानात त्यांना चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. भाषा इंग्रजी नव्हती, एवढंच छातीठोक सांगता येत होतं. मधली पानं कसरीनं खाल्लेली, पण चित्रं शाबूत. एका पानावर सूर्य आणि चंद्र राजा-राणीसारखे हातात हात घालून उभे. एका पानावर खांबाला खिळे ठोकून जखडलेला साप. एकात दगडी पेटीतून मुकुट घातलेला माणूस उठून बसतोय. आणि एकात लांब मानेचा पक्षी स्वतःची छाती चोचीनं फोडून तीन पिल्लांना रक्त पाजतोय. त्याच्याच शेजारी तशाच आकाराचा काचेचा चंबू, ज्याची मान वाकून स्वतःच्याच पोटात शिरलेली. मामांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्यामुळेच त्यांचा त्या पुस्तकावर पूर्ण विश्वास होता. साप म्हणजे पारा, असं त्यांनी ठरवलं. हातात न ठरणारा पारा जागचा हलू नये म्हणून खिळे ठोकलेले. हे त्यांचं मत ऐकून मी हसलो होतो. पुढं कुठंतरी वाचलं, तर त्या चित्राचा अर्थ खरोखरच तसा लावतात. ते मी मामांना आजतागायत सांगितलेलं नाही. माणसानं स्वतःच्या पायाखालची जमीन किती काढून द्यावी यालाही मर्यादा आहे.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज इतका हळू, की मला वाटलं कुणी गेलं. म्हणाले, "जावईबापू, माझं पुस्तक भिंतीवर हाय. तुम्ही या." तामलवाडीपासून चार-पाच किलोमीटरवर ख्रिस्ती लोकांची एक वस्ती आहे, तीस-पस्तीस उंबऱ्यांची, आणि वस्तीच्या टोकाला पत्र्याचं छप्पर असलेलं एक छोटं चर्च. तिथं आदल्या जूनमध्ये नवे फादर आले होते. वसईकडचे, तरुण, हसतमुख. वेदीमागच्या भिंतीवरचं जुनं चित्र पार उडालं होतं आणि ईस्टरला बिशप येणार होते. निम्म्या वस्तीला चित्रकला शिकवलेले गुरुजी जवळच राहतात म्हटल्यावर फादरनी मामांना बोलावलं. मामांना आयुष्यात पाट्या पुष्कळ मिळाल्या, गणपतीचे मखर मिळाले, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार मिळाले. पण चित्र काढा असं म्हणून पूर्ण भिंत कुणी दिली नव्हती. ते सायकलवरून गेले, भिंतीपुढं उभे राहिले, एक डोळा मिटला आणि मटकन खाली बसले.

मी दुपारच्या एसटीनं पोचलो, तर ते तिथंच बसलेले. आणि खरं सांगतो, मीही चक्रावलो. भिंतीवर मध्ये क्रूस होता. त्याच्या एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र. खाली डावीकडं खांबाला वेढलेला साप. उजवीकडं दगडी पेटीतून उठणारा माणूस, डोक्यामागं तेजाचं वलय. आणि क्रूसाच्या पायाशी घरट्यात बसलेला एक पक्षी. त्याची मान-चोच पुसून गेलेली, पुढचे पिल्लांसारखे ठिपके झिजलेले, पण छातीवर लाल रंग अजून टिकून. मामांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं आणि एकेक पान भिंतीशी धरून दाखवलं. फादर चहा घेऊन आले. मग जो वाद सुरू झाला तो माझ्या डोक्यात अजून संपलेला नाही.

फादर म्हणाले, हा पक्षी म्हणजे पेलिकन. आमच्या जुन्या चित्रांत असतोच. प्रभूनं आपलं रक्त देऊन लेकरांना वाचवलं, त्याची ही खूण. मामा म्हणाले, माझ्या पुस्तकात हा चंबू हाय; वाफ वर जाती, थेंब होऊन आपल्याच पोटात पडती, अन् त्याच्यावरच आतलं पोसतंय. फादर म्हणाले, मग चंबूवाल्यांनी आमचा पक्षी उचलला असेल. ते किमयागारही ख्रिस्तीच होते ना, भट्टीपाशी बसून प्रार्थना म्हणायचे. मामांनी ताबडतोब विचारलं, की मग ती भट्टी प्रार्थनेसाठी होती, का प्रार्थना भट्टीसाठी? फादर हसले आणि सापाकडं वळले. खांबावरचा साप बायबलातल्या मोशेनं रानात उभारलेला पितळी साप आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि 'पितळी' म्हटल्याबरोबर मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी उगाचच मान हलवली. सूर्य-चंद्राची तर कमालच झाली. प्रभू क्रूसावर गेले तेव्हा सूर्य-चंद्रही शोक करत होते, असं फादर म्हणाले. मामा म्हणाले, "माझ्या पुस्तकात त्यांचं लगीन लागतंय. एकाच भिंतीवर मयत अन् लगीन कसं व्हायचं?" मग दोघंही माझ्याकडं वळले. मी सायन्सचा. मी म्हणालो, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्याला काहीही कळलेलं नसतं तो हे वाक्य बोलतो.

पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं आणि तिथंच घात झाला. पुसलेला पक्षी पेलिकन आणि त्याची पिल्लं तीन. फादरच्या शिक्षणात तीन, मामांच्या पुस्तकात तीन. दोन शिकलेली माणसं दोन वाटांनी एका उत्तराला पोचली म्हटल्यावर तिसऱ्या कुणाला विचारायची गरजच राहिली नाही. त्यातून उपवासकाळ सुरू झाला होता आणि ईस्टर जवळ आला की चर्चमधली चित्रं जांभळ्या कापडानं झाकायची रीत असते. फादरनी या खेपेला भिंत आधीच झाकून टाकली. मामा सोमवार ते शनिवार कापडाआड शिरून काम करायचे. रविवारी लोक यायचे, प्रार्थना करून जायचे, आत काय चाललंय कुणालाच ठाऊक नाही. पक्ष्यापुढं तर पिल्लांच्या जागी भिंतीला खोलगट खड्डे पडले होते. ओल लागलीय म्हणून मामांनी ते खरवडून, पुट्टी भरून गुळगुळीत करून टाकले. पेलिकन त्यांनी पाहिलेला नव्हता. तरी तो इतका देखणा उतरला, इतकी ऐटदार मान, की मला वाटलं, इतकी वर्षं हा माणूस सुविचार लिहीत का बसला. मामींनाही त्यांनी सायकलवर डबलसीट आणून दाखवला. मामी बराच वेळ बघून म्हणाल्या, बरं हाय, कारखान्यापरीस बरं हाय. मामा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मला सुट्टी होती, म्हणून मी रंगाचे दोन डबे घेऊन गेलो होतो. मामा शिडीवर, मी खाली बसलेलो, तोच झाडू घेऊन एक म्हातारी आत आली. ही एस्तेरआक्का. पंच्याऐंशीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेला, पण चर्च झाडायचं काम तिनं कुणाला घेऊ दिलं नव्हतं. तिनं झाडू ठेवला, गुरुजी जरा सरा म्हणाली, कापड बाजूला केलं आणि बघितलं नाही, कारण तिला दिसतच नव्हतं; तिनं हात पुढं केला. उजव्या हाताचं मधलं बोट भिंतीवर एका ठरावीक उंचीला नेऊन टेकवलं. ते बोट तिथं थांबलं. मग डावीकडं सरकलं, उजवीकडं सरकलं, खाली आलं. गुळगुळीत भिंतीवर ते बोट काहीतरी शोधत होतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "हितं सात व्हती. पोरं कुठं गेली?"

मामा शिडीवरून उतरले. आक्काला समजावून सांगू लागले, की तो पेलिकन आहे, आणि पुस्तकात पिल्लं तीनच असतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुस्तकातल्या पाखराची तीन आसतील. आमची सात मेली."

त्यानंतर जे तिनं सांगितलं ते सलग नव्हतं, मध्ये मध्ये झाडूही चालू होता. चित्र तिच्या आज्यानं काढलेलं. आजा गवंडी होता. एका गोऱ्या फादरनी त्याला छोटं छापील चित्र देऊन हा पक्षी काढ म्हणून सांगितलं होतं. असला पक्षी त्यानं जन्मात बघितला नव्हता, म्हणून त्यानं कोंबडी काढली. भिंतीचं काम चालू असतानाच वस्तीत साथ आली आणि आठ दिवसांत सात लेकरं गेली. आज्यानं कोंबडीपुढं सात पिल्लं काढली. ज्या घरचं लेकरू गेलं त्या घराचं ते पिल्लू. दर ईस्टरला त्या त्या घरची माणसं येतात आणि आपापल्या पिल्लावर बोट ठेवून जातात. भिंतीला पडलेले ते खड्डे ओलीचे नव्हते. शंभर वर्षं बोटं लागून चुना झिजला होता, आणि मामांनी तो पुट्टीनं भरून काढला होता. फादरना हे माहीत नव्हतं कारण त्यांचा हा पहिलाच ईस्टर, आणि वस्तीतल्या कुणी सांगितलं नाही कारण ही सांगायची गोष्ट असते, असं कुणाला वाटलंच नव्हतं. आक्का रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तीन दिवसांवर सण आलाय, लोकांनी बोट कुठं ठेवायचं, एवढंच तिनं विचारलं आणि झाडू उचलला.

मामांना मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही असं पाहिलेलं नाही. ते वेदीच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ एका हाताचा रंग दुसऱ्या हातानं पुसत राहिले. फादर आले, त्यांनी आपलीही चूक कबूल केली, कोंबडीही शास्त्रात आहेच, प्रभूनं स्वतःला पिल्लं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली आहे, असंही सांगितलं. मला वाटलं, आता मामा म्हणणार, हे म्हंजे तेच की. ते म्हणाले नाहीत. उठले, फादरच्या स्वयंपाकघरातून एक सुरी मागून आणली आणि पुट्टी खरवडायला बसले. मी अडवलं, इतका सुंदर पक्षी झालाय, त्याला हात न लावता खाली चार पिल्लं वाढवा, असं सुचवलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. संध्याकाळपर्यंत पुट्टी निघाली आणि खालून एकेक खड्डा उघडा झाला, बोटाच्या पेराएवढा, कडा गुळगुळीत. सहा सापडले. सातवा काही केल्या मिळेना.

शुक्रवारी सकाळी एस्तेरआक्काला तिच्या नातसुनेनं हात धरून आणलं. पेलिकनची मान जाऊन तिथं कोंबडी आलेली होती, चांगली गावठी, तांबडी, तुरा असलेली. आक्का एकेका खड्ड्यावर बोट ठेवायची आणि नाव सांगायची. ही मार्था, आक्काच्या बापाची धाकटी बहीण. हिच्यावर बोट ठेवायला ती स्वतः यायची. हा दाऊद. ही हन्ना. हा याकोब. हा शांतवन. ही रूथ. प्रत्येक घराला आपलं आपलं नाव माहीत होतं, सगळी सहा एकट्या आक्काला. मामा खड्ड्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात नाव लिहायचे आणि त्यावर पिवळा रंग देऊन पिल्लू काढायचे. एरवी प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारून समोरच्याला भंडावून सोडणारा माणूस, पण त्या सकाळी त्यांनी विचारलं ते फक्त पिल्लू कुठल्या तोंडानं होतं आणि चोच मिटलेली होती का उघडी. सातव्याचं विचारल्यावर आक्का म्हणाली, त्याला खड्डा नसायचाच. ते बाळ बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलं, त्याची आई त्याच्या मागोमाग दोन दिवसांनी, बाप वस्ती सोडून गेला. बोट ठेवायला कुणी उरलंच नाही. आज्यानं ते पंखाखाली काढलं होतं, नुसती चोच बाहेर. नाव काय, असं मामांनी विचारलं. "नाव न्हवतं त्याला," आक्का म्हणाली. "नाव ठिवायच्या आदीच गेलं."

मामांनी पंख उचलावा तसा ब्रश हलकेच चालवून ते सातवं पिल्लू काढलं. आधी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, ते मी मागून पाहिलं. पण अक्षर वाचता येण्याआधी त्यावर रंग चढला होता. 

ईस्टरच्या दिवशी बिशप आले. सूर्य, चंद्र, साप, सगळ्याचं त्यांनी कौतुक केलं, कोंबडीपाशी जरा थबकले, फादर कानात काही बोलले, तेव्हा त्यांनी मान डोलवली. मग घराघरातले लोक उठले. सोलापूरहून आलेले, पुण्याहून आलेले, कडेवर पोरं घेतलेल्या सुना. एकेकानं आपल्या पिल्लावर बोट टेकवलं. रंग पुरता वाळला नव्हता. दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला पिवळा ठिपका होता आणि सहा पिल्लं पहिल्याच दिवशी अंधुक झाली होती. मला वाईट वाटलं. मामा मात्र मागच्या बाकाजवळ भस्माचे तीन पट्टे लावून उभे होते आणि खुशीत होते. गर्दी सरल्यावर ते पुढं गेले, वाकले आणि पंखाखालच्या पिल्लावर बोट ठेवलं. परतीच्या वाटेवर मी विचारलं, की तुमच्या गळ्यात लिंग, ते बाळ ख्रिस्ती का कोण तेही धड ठरलेलं नाही, हे काय केलंत? ते म्हणाले, कुणीतरी ठेवायला पाहिजे. हे उत्तर आहे का नाही, यावर मी तुळजापूर येईपर्यंत विचार केला.

त्यानं त्यांची किमया सुटली असं मात्र समजू नका. पंधरा दिवसांत फोन आला, की पुस्तकाच्या शेवटच्या पानांत एक अंडं सापडलंय, भट्टीवर ठेवलेलं, आणि भट्टीचा विस्तव कोंबडीच्या उबेइतकाच ठेवायचा असतो, हे आपल्याला आता कळलं; म्हणजे तो गवंडी बरोबर होता आणि पुस्तकवाले, फादर, आपण सगळे चुकलो. मी पुन्हा गोंधळलो. पुढची दोन्ही वर्षं उपवासकाळाच्या शेवटी मामा सायकल घेऊन वस्तीवर गेले आणि सहा पिल्लांना नवा रंग देऊन आले. सातव्याला द्यावा लागत नसे. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत एस्तेरआक्का गेली. तेव्हापासून सगळी नावं एकट्या मामांपाशी राहिली. ते मला फोनवर ती म्हणून दाखवत आणि मी ती ऐकत असे, का, ते मला सांगता येणार नाही.

गेल्या वर्षापासून मामांचं विसरणं सुरू झालं आहे. आधी सामान, मग वाटा, मग माणसं. मला ते कधी मेहुणा समजतात, कधी शाळेतला शिपाई. मामी म्हणतात, आधी दोन गोष्टी एक करायला ह्यांना कष्ट पडायचे, आता आपोआप होतात. असं म्हणून त्या हसतात आणि लगेच उठून आत जातात. यंदा ईस्टरच्या आठवड्यात सकाळी मामांचा फोन आला. 'जावईबापू' म्हणाले, म्हणजे त्या दिवशी मी मीच होतो. मार्था, दाऊद, हन्ना, याकोब, शांतवन, रूथ, अशी सहा नावं त्यांनी न चुकता घेतली आणि थांबले. सातवं पहाटेपासून आठवंना झालंय, म्हणाले. आवाज रडवेला होता. मी म्हणालो, मामा, त्याला नाव नव्हतं, आक्का सांगत होती ना.

"ते मला ठाऊक हाय," मामा म्हणाले. "नव्हतं म्हणूनच मी एक ठेवलं होतं. तेच आठवंना."

 मला एकदम आठवलं, की ते रंगाखाली लिहिलेलं आहे. नखानं जरा खरवडलं तरी निघेल, मी आजच जाऊन बघतो, असं मी म्हणालो.  ते म्हणाले, "न्हाय. पंखाखाली हाय, ऱ्हाऊ द्या." आणि फोन मामींकडं दिला.

मामांना आता सायकल झेपत नाही. ईस्टरला मी एकटाच गेलो. ब्रश मला धरता येत नाही. पिल्लांना रंग फादरनी दिला, बरा दिला. लोक येऊन गेले. मी मागच्या बाकाजवळ थांबलो होतो. बाळ कुणाचं, नाव ठेवलं कुणी, आणि रसायनशास्त्राच्या मास्तराचं इथं काय काम, यातलं काहीही मला नीट जुळवता येत नव्हतं. चर्च रिकामं झाल्यावर मी पुढं गेलो, वाकलो आणि पंखाखालच्या त्या चोचीवर बोट ठेवलं. रंग केव्हाच वाळलेला होता.